शिकून आलेल्यांचे नेतृत्व : फार्मसी महाविद्यालयातील एक दुर्लक्षित प्रश्न

औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नुकताच बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेला, सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी उभी राहते. लातूरमध्ये तर हे चित्र अधिकच ठळक आहे. अकरावी-बारावीच्या शिकवणीसाठी साऱ्या मराठवाड्यातून मुले येथे येतात. ‘लातूर पॅटर्न’ने या गावाला गुणवत्ता यादीचा लौकिक दिला. त्या पॅटर्नच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे पुढे, १९९४ मध्ये, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. परीक्षेची शिस्तबद्ध तयारी हा आपल्या भागाचा गुण आहे आणि त्याचा अभिमान बाळगण्यात काहीच वावगे नाही. परंतु गुणांवरून सर्व काही ठरवण्याची जी सवय त्यातून लागली, तिच्यामुळे फार्मसी महाविद्यालयातील एक वर्ग आपल्या नजरेतून सुटला आहे. हा वर्ग म्हणजे आधी दुसरे शिक्षण घेऊन, बहुधा काही वर्षे काम करून, मग फार्मसीकडे आलेला विद्यार्थी. त्याच्या नेतृत्वाचा विचार आपण वैद्यांनी आणि औषधविक्रेत्यांनी का करावा, हे मांडण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

फार्मसीत येण्याच्या तीन वाटा

पहिली वाट बारावीनंतर सरळ चार वर्षांच्या पदवीची. दुसरी वाट पदविकेची. दोन वर्षांची पदविका महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाकडून, त्यानंतर किमान पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि मग इच्छा व जागा असल्यास पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. या पाचशे तासांपैकी निदान अडीचशे तास चिठ्ठीवरील औषधे प्रत्यक्ष देण्यात गेले पाहिजेत, असा दंडक आहे. तिसरी वाट सर्वांत खडतर. बी.एस्सी. झालेला तरुण रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र तीन वर्षे शिकलेला असतो. पण फार्मसीत येताना त्या तीन वर्षांची वजावट त्याला मिळत नाही. पदविका असो वा पदवी, त्याला पहिल्या वर्षापासूनच आरंभ करावा लागतो.

पश्चिमेकडील स्थिती वेगळी आहे. अमेरिकेत फार्म.डी. या व्यावसायिक पदवीला प्रवेश घेण्यापूर्वी सामान्यतः निदान दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण झालेले असावे लागते आणि कित्येक विद्यार्थी तर आधीची पूर्ण पदवी घेऊनच येतात. त्यामुळे आधीच्या शिक्षणाचा विद्यार्थी-नेतृत्वाशी काय संबंध, हा प्रश्न तेथे सहज विचारला जातो. आपल्याकडे असा विद्यार्थी संख्येने थोडा, म्हणून त्याचा प्रश्नही कोणी विचारत नाही.

वस्तुतः भारतातील औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाचा पायाच दुसऱ्या विषयातून आलेल्या माणसाने घातला. प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी अमेरिकेत रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात या विषयाच्या अध्यापनाची सुरुवात केली. भारतीय औषधनिर्माण संघटनेच्या आणि तिच्या नियतकालिकाच्या उभारणीतही ते अग्रभागी होते. आजही ६ मार्च हा त्यांचा जन्मदिवस फार्मसी शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. आधी मिळवलेली विद्या नव्या क्षेत्रात नेतृत्व कसे घडवते, याचे हे उदाहरण फार्मसीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावयास हवे.

एका सहायकाची हकीकत

विषय मनात घोळू लागला तो माझ्याच औषधालयातील एका सहायकामुळे. औसा तालुक्यातील एका खेड्यातून आलेला हा तरुण २००३ मध्ये बी.एस्सी. झाला आणि नोकरी मिळेपर्यंत म्हणून माझ्याकडे लागला. नोकरी मिळाली नाही. चार वर्षांत त्याने काउंटरची सारी कामे आत्मसात केली. कोणते चूर्ण किती दिवसांत ओलावा धरते, कोणत्या काष्ठौषधीत भेसळ येते, उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, हे तो माझ्यापेक्षा नेमके सांगत असे. एकदा एका बाईंच्या हातात दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी होती आणि त्या आमच्याकडे दशमूलारिष्ट मागत होत्या. चिठ्ठीवर मेट्रोनिडाझोल होते. त्याने बाटली खाली ठेवली आणि मला हाक मारली. अरिष्टात स्वयंजनित मद्यांश असतो आणि त्या गोळ्यांबरोबर मद्य टाळावे असे सांगितलेले असते, हे त्याने कोठेतरी वाचून ठेवले होते. त्याच दिवशी मी त्याला फार्मसीला जाण्याचा सल्ला दिला.

त्याने पदविका पूर्ण केली आणि २००९ मध्ये पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. दिवसा महाविद्यालय आणि संध्याकाळी माझे काउंटर, असा त्याचा क्रम होता. वर्गातील मुले त्याला पहिल्याच आठवड्यात ‘काका’ म्हणू लागली. त्यात चेष्टाही होती आणि विश्वासही. औषधशास्त्राचे पाठ समजून घ्यायला, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला, घरून पैसे आले नाहीत तर कोणाकडे शब्द टाकायला मुले त्याच्याकडेच येत. वसतिगृहाच्या पाण्याचा प्रश्न निघाला तेव्हा प्राचार्यांसमोर बोलायला मुलांनी त्यालाच पुढे केले. म्हणजे वर्गाचा नेता कोण, हे वर्गाने ठरवून टाकले होते. मात्र विद्यार्थी परिषदेची यादी लागली तेव्हा तीत त्याचे नाव नव्हते.

नियमांची चौकट

यात त्या महाविद्यालयाने नियम मोडला असे म्हणता येणार नाही. विद्यार्थी निवडणुकांतील हाणामाऱ्यांमुळे आपल्या राज्याने प्रत्यक्ष निवडणुकांना रजा दिली होती आणि १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याच्या कलम ४० ने तिच्या जागी गुणवत्तेवर आधारित नामनिर्देशन आणले होते. प्रत्येक वर्गातून एक विद्यार्थी घ्यावयाचा आणि तोही मागील वर्षाच्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्याची मागील परीक्षा तंत्रशिक्षण मंडळाची. वर्गातील इतरांची विद्यापीठाची. दोहोंची तुलना कशी करावी याचे उत्तर नियमात नव्हते, आणि उत्तर नसले की कार्यालय सोपा मार्ग धरते. पहिल्या वर्षी वर्गात पहिली आलेली मुलगी परिषदेवर गेली. ती हुशार होती, पण बैठकीत एक शब्द बोलत नसे, असे पुढे तिनेच हसत सांगितले.

त्याच कलमात दुसरी एक फट होती. राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना, क्रीडा आणि सांस्कृतिक कार्य यांत उल्लेखनीय काम करणारा प्रत्येकी एक विद्यार्थीही परिषदेवर घेता येत असे. माझ्या सहायकाला सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी सात दिवसांच्या हिवाळी शिबिराचा गटप्रमुख नेमले होते. तो माझ्याकडे सात संध्याकाळची सुटी मागायला आला. थंडीचे दिवस, च्यवनप्राशाची मागणी भरात, दुसरा माणूस आजारी. मी नाही म्हणालो. वर ‘शिबिरे पोरासोरांची, तू आता मोठा झालास’ असेही ऐकवले. तो काही बोलला नाही. शिबिराला दुसरा गटप्रमुख गेला आणि परिषदेचा तो दरवाजाही बंद झाला. महाविद्यालयाच्या नियमाने त्याला एकदा अडवले आणि मी दुसऱ्यांदा. ही दुसरी अडवणूक कोणत्याही कायद्यात नव्हती.

नंतर नियम बदलले, पण या वर्गाची अडचण संपली नाही. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी लागू करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी दिला. पदवीच्या विद्यार्थ्याला निवडणूक लढवण्यासाठी सतरा ते बावीस ही वयोमर्यादा त्यांत आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ती योग्य प्रमाणात शिथिल करता येईल असेही म्हटले आहे. तथापि ती सवलत अभ्यासक्रम चार-पाच वर्षांचे असतात या कारणासाठी आहे, आधी दुसरे शिक्षण घेऊन आलेल्यांसाठी नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या कलम ९९ ने वर्गप्रतिनिधी आणि परिषदेचे अध्यक्ष, सचिव थेट विद्यार्थ्यांच्या मतांनी निवडण्याची तरतूद केली. २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुका मात्र पुढे ढकलल्या गेल्या. ज्या संस्थांत केवळ पदविका अभ्यासक्रम आहे, त्या विद्यापीठाशी संलग्न नसल्याने या तरतुदींच्या बाहेरच राहतात. तेथे वर्गप्रतिनिधी असावा की नसावा आणि कोण असावा, हे सर्वस्वी प्राचार्यांच्या इच्छेवर अवलंबून असते. सारांश, कधी गुणांची अट आड येते, कधी वयाची, तर कधी मुळात परिषदच नसते.

आपले शास्त्र काय सांगते

चरकाचार्यांनी वैद्याच्या चार गुणांत शास्त्राच्या निर्मळ ज्ञानाला लागूनच ‘दृष्टकर्मता’ ठेवली आहे, म्हणजे अनेक वेळा प्रत्यक्ष कर्म पाहिलेले असणे. केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा, या दोघांनाही सुश्रुताचार्यांनी एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. हे सर्व आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो. शासनाच्या नियमांतही हा विचार आला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम १५७ पाहावा. आयुर्वेदीय औषधनिर्मितीवर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञाची पात्रता ठरवताना तेथे अनुभवाची वर्षे मोजली आहेत. फार्मसी, रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला अशा निर्मितीचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, नोंदणीकृत वैद्याला चार वर्षांचा, तर आयुर्वेदीय फार्मासिस्टला आठ वर्षांचा. येथे बी.एस्सी.ची पदवी आणि कामाचा अनुभव या दोहोंना किंमत आहे. मग ज्या महाविद्यालयातून उद्याचे निर्माते आणि विक्रेते बाहेर पडावयाचे, तेथेच ती किंमत शून्य का असावी?

आक्षेपांचा विचार

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही दखल घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, आधीचे शिक्षण म्हणजे नेतृत्व नव्हे. हे खरे आहे. तीन वर्षे दुसऱ्या महाविद्यालयात काढलेला विद्यार्थी हजेरी कशी लावून घ्यावी आणि जर्नल कोणाचे उतरवावे, एवढेच शिकून आलेला असू शकतो. असे मीही पाहिले आहेत. वयाच्या जोरावर लहानांवर हुकूम गाजवणारेही असतात. म्हणून आधी शिकून आला एवढ्याने कोणाला पद द्यावे, असे माझे म्हणणे नाही. एवढ्याने कोणाचा विचारच होऊ नये, याला मात्र माझा विरोध आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. हे विद्यार्थी नोकरी करतात, काहींचे लग्न झालेले असते. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी, मूल शाळेत जाऊ लागल्यावर पदविकेला आलेल्या भगिनी आपल्या परिचयात आहेत. त्यांना परिषदेच्या बैठकांना सवड कोठून मिळणार? येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. महाविद्यालयातील नेतृत्व म्हणजे स्नेहसंमेलन आणि मिरवणूक, अशी आपली समजूत असल्यामुळे हा प्रश्न पडतो. नेतृत्वाचे काम याहून वेगळेही असते. प्रशिक्षणासाठी चांगली औषधालये शोधून देणे, ग्रंथालयात कोणती पुस्तके नाहीत ते सांगणे, नव्या मुलांना काउंटरवर रुग्णाशी कसे बोलावे ते दाखवणे, या कामांना मिरवणुकीइतका वेळ लागत नाही. त्यांना अनुभव लागतो, आणि तो नेमका या विद्यार्थ्यांकडे असतो.

प्रमाणपत्राचा प्रश्न

आता हा प्रश्न आपला कसा, याकडे वळतो. काही वाचकांना पुढील वाक्ये बोचतील, पण ती लिहिणे भाग आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ नुसार वैद्यकीय चिठ्ठीवरील औषध तयार करून देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. प्रत्यक्षात भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र आणि काउंटरवर दुसराच माणूस, हे दृश्य आपल्याला अपरिचित नाही. प्रमाणपत्राचे मासिक भाडे ठरते आणि फार्मासिस्ट दुसऱ्या गावी दुसराच व्यवसाय करतो. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीला अद्याप परवाना लागत नाही, म्हणून आपल्यापैकी काहींना हा प्रश्न परका वाटतो. पण ज्यांच्या दुकानात दोन्ही प्रकारची औषधे एकाच फळीवर असतात, त्यांना तो परका नाही.

या प्रथेविरुद्ध फार्मसीच्या विद्यार्थ्यांतून आवाज उठला पाहिजे, आणि तो कोण उठवू शकेल? बारावीतून सरळ आलेल्या मुलीला प्रमाणपत्र भाड्याने जाते हे ठाऊकही नसते. शेवटच्या वर्षी कोणीतरी तिच्या वडिलांना गाठतो आणि घरबसल्या उत्पन्नाचा मार्ग सांगतो. ज्याने अशा प्रमाणपत्राखाली काउंटरवर उभे राहून दिवस काढले आहेत, चूक झाली तर जबाबदार कोण या भीतीने ज्याची झोप उडाली आहे, तोच वर्गात उठून बोलू शकतो. माझ्या सहायकाने नोव्हेंबरमधील फार्मसी सप्ताहात याच विषयावर परिसंवाद ठेवावा, असे सुचवले होते. परिषदेत तो नसल्याने सूचना कोणाच्या तरी हातात राहिली. त्या वर्षी सप्ताहात रांगोळी स्पर्धा झाली. रांगोळी काढणाऱ्या मुलांचा यात दोष नाही. पण चरकाने सांगितलेली तद्विद्यसंभाषा, म्हणजे त्याच विद्येच्या जाणकारांनी एकत्र येऊन केलेली चर्चा, घडण्याची संधी गेली.

विद्यार्थ्यांच्या नेतृत्वाचे मोल मराठवाड्याला वेगळे सांगावयास नको. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्यामुळे निजामाच्या राजवटीत विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठातून बाहेर पडावे लागले आणि त्यांतील अनेकांनी नागपूरला जाऊन शिक्षण पुरे केले. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनीच पेटते ठेवले. ज्या भूमीत विद्यार्थ्यांनी राजवटीला आणि शासनाला जाब विचारला, तेथे आपल्या भावी व्यवसायातील एका वाईट चालीला जाब विचारण्याची संधी त्यांना मिळू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

काय करता येईल

कायदा बदलणे आपल्या हाती नाही. पण पुढील गोष्टी संघटना म्हणून आणि दुकानाचे मालक म्हणून आपल्याला करता येतील.

पहिली, लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील फार्मसी महाविद्यालयांच्या प्राचार्यांना संघटनेने भेटून विनंती करावी की, परिषद कोणत्याही पद्धतीने बनो, थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या आणि आधीची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी एकाला तीत निदान निमंत्रित म्हणून बसवावे. याला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. पदविका संस्थांत तर हे उद्याच करता येईल.

दुसरी, पदविकेच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या पाचशे तासांपूर्वी दुकानाची ओळख व्हावी म्हणून महाविद्यालयातील अनुभवी विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने छोटे मेळावे घ्यावेत. आयुर्वेदीय औषधांचा परिचय, अनुपान आणि दोन पद्धतींची औषधे एकत्र घेताना बाळगावयाची सावधगिरी, हे विषय आपल्यातील वैद्य शिकवतील. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही आहे आणि शासकीय रसशाळाही. तेथील भेटी अशा मेळाव्यांना जोडता येतील.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि म्हणून सर्वांत अवघड. आपल्या काउंटरवर काम करणारा सहायक शिकत असेल तर परीक्षेची सुटी आपण देतोच. शिबिराची, परिषदेच्या बैठकीची, २५ सप्टेंबरच्या जागतिक फार्मासिस्ट दिनाच्या कार्यक्रमाची सुटीही द्यावी, आणि तीही पगार न कापता. सात संध्याकाळी दुकानाचे जे नुकसान होईल, ते मी हिशेबाने काढून पाहिले आहे. एका मुदत संपलेल्या औषधांच्या खोक्याहून ते जास्त नाही.

चौथी, आपल्यापैकी ज्यांच्या भिंतीवर भाड्याचे प्रमाणपत्र आहे, त्यांनी ते उतरवावे आणि आपल्याच शिकलेल्या सहायकाचे तेथे लावावे. त्याला फार्मासिस्टचा पगार द्यावा लागेल, हे खरे. पण मग काउंटरवर उभा असलेला माणूस आणि भिंतीवरचे नाव एकच असेल.

माझा तो सहायक २०१२ मध्ये पदवीधर झाला. आज त्याचे स्वतःचे दुकान आहे आणि त्या भिंतीवर त्याचेच प्रमाणपत्र आहे. दरवर्षी तो दोन विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासाठी घेतो. शिबिराच्या त्या नकाराविषयी मी त्याच्यापाशी दिलगिरी व्यक्त केली, तेव्हा तो म्हणाला, ‘‘सर, त्या वेळी मला वाईट वाटले ते पदाचे नाही. गटातल्या बावीस पोरांनी माझ्या भरवशावर नावे दिली होती, त्यांना तोंड दाखवायला लाज वाटली.’’ त्याच्यावर बावीस जणांनी टाकलेला हा विश्वास कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदलेला नव्हता.

यंदा माझ्या औषधालयातील आणखी एक मुलगी, बी.एस्सी. झालेली, पदविकेच्या पहिल्या वर्षाला बसली आहे. तिचे संध्याकाळचे वेळापत्रक महाविद्यालयाच्या वेळापत्रकाला पाहून ठरवले आहे. वाचक वैद्यबंधू-भगिनींनी आणि औषधविक्रेत्यांनी आपापल्या दुकानात असाच विचार करावा आणि आपले अनुभव संघटनेच्या पुढील बैठकीत मांडावेत, अशी नम्र विनंती आहे.